माशी लावून मासा: बडोदेकराला जमेल का?

अगाशीवाला (२८ ऑगस्ट, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी. या सदरात बहुतेक धागे कोकणातल्या गरी-जाळ्यांचे असतात, त्यामुळे माझा प्रश्न इथे बसतो की नाही कळत नाही. चुकलं असेल तर हलवा.

मी बडोद्याचा. बालपण दांडिया बाजारात, आता मांजलपुरात. वय ४६. पाण्याशी आजवरचा संबंध म्हणजे संध्याकाळी सूरसागरच्या कठड्यापाशी शेंगदाणे खात उभं राहणं. मेहुणा चंडीगढला असतो आणि दोन वर्षांपासून त्याला फ्लाय फिशिंगचं वेड लागलंय. ऑक्टोबरात चार दिवस हिमाचलमध्ये तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्राउट मासे धरायला चल म्हणून मागे लागलाय. त्याने एक व्हिडिओ पाठवला. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो डोक्यावरून दोरी मागेपुढे झुलवतोय. टोकाला पिसांची खोटी माशी. ती पाण्यावर अशी उतरते, जणू आपणहून येऊन बसली. व्हिडिओत मासा लागतच नाही (लागला तरी ही मंडळी तो परत पाण्यात सोडतात म्हणे), तरी मी तो सात-आठ वेळा बघितला.

का, तर मला त्यात पतंग दिसला. आमच्याकडे उत्तरायण दिवाळीपेक्षा मोठं. बाबा स्वतः दोरी सुतायचे, मी फिरकी धरायचो, पुढे मीच उडवायला लागलो. दोरी हातात जिवंत होते म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

तर चाळिशी उलटलेल्या माणसाला पाच-सहा आठवड्यांत, बडोद्यात बसून, हे जमेल का? सराव कुठे करायचा? की मेहुण्याला सरळ सांगू, तू नदीत उतर, मी काठावर भजी खातो?

टवाळ_टोळ

सरावाला आपली विश्वामित्री नदी आहे की! मासा नाही लागला तरी काहीतरी नक्की लागेल. तिथेही 'पकडा आणि सोडा'च चालतं म्हणतात, फक्त पकडायचं कुणी आणि सोडायचं कुणी ते मगर ठरवते.

मालवणी_गरी

आमच्याकडे गरवायला बसतात ते खरं आमिष लावून. कोळंबी लावा, नाहीतर बांगड्याचा तुकडा लावा. मासा खातो, आपण मासा खातो, हिशेब मिटला. इथे आमिषही खोटं आणि पकडून परत पाण्यात! ह्याला आम्ही मासेमारी नाही, निवडणूक म्हणतो.

टवाळ_टोळ

@मालवणी_गरी हहपुवा! (हसून हसून पुरेवाट!)

प्रवाहपतित

@अगाशीवाला, जमेल. मी पुण्याची, कामानिमित्त सहा वर्षं मंडीत होते, तिथे बरोटला उहल नदीवर शिकले. तेव्हा माझं वय ४१ होतं आणि मी आयुष्यात साधी भिंगरीही नीट फिरवली नव्हती. तुमच्याकडे निदान पतंगाचा हात आहे. (तो उपयोगी पडेल की आड येईल ते पुढे बघू.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नेहमीच्या गळाला शिसं असतं, आपण ते वजन भिरकावतो, दोरी त्याच्या मागून जाते. माशीला वजनच नसतं. कापसाचं बी फेकून बघा, दोन हातांवर पडेल. म्हणून इथे वजन दोरीला दिलेलं असतं. फ्लाय लाइन जाड, रंगीत, प्लॅस्टिकचं आवरण असलेली असते. फेकायची ती दोरी, माशी नुसती पाहुणी म्हणून जाते. दोरीच्या पुढे टोकाकडे निमुळता होत गेलेला पारदर्शक लीडर, त्याच्यापुढे केसासारखा बारीक धागा, म्हणजे टिपेट, आणि मग माशी.

फेक मनगटाची नाही, कोपरापासूनच्या हाताची. रॉड घड्याळातल्या दहाच्या काट्यापासून एकच्या काट्यापर्यंत मागे न्यायचा आणि थांबायचं. सगळे नवशिके मरतात ते इथेच. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ व्हायला वेळ लागतो, ती सरळ झाली की तिच्या ओढीने रॉड वाकतो, आणि त्या वाकलेल्या रॉडमध्ये साठलेला जोर पुढची फेक करतो. घाई केलीत तर चाबकासारखा फाट् असा आवाज येईल. तो आला की समजायचं, माशी तुटून मागच्या शेतात गेली.

सरावाला पाणी लागत नाही. मोठं गवताचं मैदान हवं. माशी लावायचीच नाही, तिच्या जागी लोकरीचा लहानसा गोंडा बांधा. डांबरी रस्त्यावर किंवा गच्चीच्या कोब्यावर करू नका, दोरी खरवडून निघते. रॉड विकत घ्यायची घाई नको. मेहुण्याकडे जुना असेल तर कुरियरने मागवा. तीर्थनसाठी चार किंवा पाच नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा), साडेआठ-नऊ फुटी, आणि तरंगणारी दोरी. बाकी दुकानदार जे जे गळ्यात मारेल, त्यातलं निम्मं तुम्हाला कधीच लागणार नाही.

अगाशीवाला

ताई, एवढं सविस्तर! वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). मेहुण्याला आत्ताच फोन केला. पाच नंबरचा जुना रॉड पाठवतोय, वर म्हणतो "मोडलास तर तुझ्या बहिणीला सांगेन". त्याची बायको माझी बहीण, त्यामुळे धमकी दुहेरी आहे.

पोलो ग्राउंड चालेल का? सकाळी साडेसहाला चालणारी मंडळी असतात, पण एका कडेला जागा मिळते.

प्रवाहपतित

पळेल. मागे बघून फेका. मंडीत माझा गोंडा एका निवृत्त मास्तरांच्या कानटोपीत अडकला होता. ते वळून म्हणाले, "बेटी, मैं ट्राउट नहीं हूँ."

फौजी_नाना

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी १९८६-८७ मध्ये काश्मिरात होतो. लिद्दर नदीवर पहलगामच्या खाली सुट्टीच्या दिवशी परवाना काढून जायचो. तिथे नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्याला बीट म्हणतात. एका बीटवर दिवसाला मोजकेच रॉड. माझ्यासोबत मत्स्य विभागाचा एक म्हातारा राखणदार असायचा. त्याने मला पहिल्या दिवशी रॉडला हातच लावू दिला नाही. दोन तास नुसतं पाणी बघायला लावलं.

त्याने दाखवलं ते सांगतो. ट्राउट कायम प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण त्याचं जेवण वरून वाहत येतं. त्यामुळे आपण खालून, त्याच्या पाठीमागून जायचं. तो धारेच्या मध्यात ताकद घालवत बसत नाही. मोठ्या दगडाच्या आडोशाला, किंवा जोरकस पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं त्या रेषेवर, असा संथ बाजूला उभा राहतो आणि शेजारून जाणाऱ्या गाडीतून डबा उचलावा तसा घास उचलतो. ती रेषा दिसायला लागली की अर्धं काम झालं. ध्रुवीकृत काचांचा चष्मा जरूर न्या, पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो.

आवाजाचं म्हणाल तर काठावर बोललेलं पाण्यात फारसं जात नाही. पण दगडावर आपटलेला बूट त्याला लगेच कळतो. सावलीही कळते.

अन्नपूर्णा_रावपुरा

नाना, आणि मग खायचात की सोडायचात?

फौजी_नाना

खायचो. त्या काळी सोडणारा माणूस दिसला असता तर आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

सेवउसळ_शाकाहारी

मी बडोद्याचाच आणि शाकाहारी आहे, त्यामुळे बोलू की नको असा विचार करत होतो. खाण्यासाठी मारणं मला पटत नसलं तरी कळतं. पण नुसत्या मजेसाठी मुक्या जिवाच्या तोंडात हूक घालायचा, फोटो काढायचा आणि "बघा, आम्ही सोडला" म्हणून पुण्य मिरवायचं, हे मला जास्त खटकतं. मालवणीभाऊंचा हिशेब निदान सरळ आहे.

मालवणी_गरी

एका शाकाहाऱ्याने माझी बाजू घेतली. आज लॉटरीचं तिकीट काढतो.

प्रवाहपतित

@सेवउसळ_शाकाहारी, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी स्वतःपुरते काही नियम पाळते. हूकचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकते, म्हणजे तो अलगद निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करते, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. पाण्याबाहेर काढत नाही, काढलाच तर माझा श्वास रोखून धरते. माझा श्वास संपला की त्याचा कधीच संपलेला असतो. आणि दुपारी पाणी तापलं असेल तर रॉड बंद. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउट आधीच धापा टाकत असतो. तेव्हा दमवून सोडलेला मासा पोहत जाताना दिसतो आणि वळणापलीकडे मरतो.

एवढं करूनही त्याला त्रास होतो. नाही होत असं मी म्हणणार नाही.

जलचर

उशिरा आलो. मी सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलो, सध्या दुसरीकडे. सगळ्यांच्या पाण्यात थोडं मीठ टाकतो.

ट्राउट आपला मासाच नाही. काश्मिरात तो इंग्रजांनी आणला. १८९९ ची अंड्यांची पहिली खेप वाया गेली, १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली टिकली. हे घडवून आणणारा फ्रँक मिचेल श्रीनगरात गालिच्यांचा कारखानदार होता. तिथून १९०९ च्या सुमारास तपकिरी ट्राउट कुलूत ब्यासच्या खोऱ्यात पोचला. निलगिरीत आणि मुन्नारच्या बाजूला दिसतो तो मुख्यतः इंद्रधनुषी ट्राउट, मूळ उत्तर अमेरिकेचा. थोडक्यात, साहेबाला घरच्यासारखी शिकार हवी होती, म्हणून घरचा मासा आणला.

हे दोन्ही मासे जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या प्रसिद्ध यादीत आहेत. तपकिरी ट्राउट मांसाहारी आणि आक्रमक. हिमालयातल्या त्याच थंड ओढ्यांत आपला मूळचा असेला राहतो. त्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण नावातच ट्राउट, कुळ रोहू-कटल्याचं. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा गरीब मासा. त्याची नोंद आता असुरक्षित जातींत आहे. कारणं बरीच आहेत, धरणं, वाळू-दगडांचा उपसा, बेसुमार मासेमारी. ट्राउट त्यातलंच एक.

म्हणून माझा प्रश्न सोडणाऱ्यांना आहे. परक्या घुसखोराला अलगद ओल्या हाताने धरून परत सोडता, हे पर्यावरणप्रेम नक्की कुणाचं?

टवाळ_टोळ

आता कळलं, कुठे माशी शिंकली ते.

फौजी_नाना

जलचरभाऊ, शंभर-सव्वाशे वर्षं तिथे राहिलेल्याला घुसखोर म्हणायचं? मग बटाटा-मिरचीलाही हाकला. त्या माशामुळे खोऱ्यात लोकांची घरं चालतात, हेही बघा.

जलचर

नाना, मिरची शेजारच्या वांग्याला खात नाही. बाकी तुमचा दुसरा मुद्दा मान्य.

प्रवाहपतित

दुसरा मुद्दा जरा वाढवते. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून माजी आमदार दिलाराम शबाब आणि तिथल्या गावकऱ्यांनी मोठी लढाई दिली, आणि ती नदी मोकळी राहिली. शेजारच्या, प्रकल्प झालेल्या सैंज आणि पार्वती नद्या बघा, मग फरक कळतो. नदी का वाचवायची, हे सांगताना तिथले लोक शेती, घराट (पाणचक्क्या), देवस्थानं आणि ट्राउट ही सगळी कारणं एका दमात सांगतात. म्हणजे परक्या माशाच्या निमित्तानेही आपली नदी वाहती राहते, आणि वाहत्या नदीत असेलाही राहतो. हे सोयीचं समर्थन वाटेल, थोडं आहेही. म्हणून जिथे फक्त असेला उरलाय अशा वरच्या ओढ्यांत ट्राउटचं बीज नव्याने कुणी टाकू नये, या मताची मी आहे. आणि परवान्यात बसत असेल तर एखादा ट्राउट खाल्ला तर माझी हरकत नाही. पकडलेला प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे, हा धर्म मी पाळत नाही.

जलचर

हे मला चालतं.

अन्नपूर्णा_रावपुरा

झालं भांडण? आता खायचं बोलू.

आम्ही कुलूला गेलो होतो तेव्हा पाटलीकुहलच्या बाजूला शेततळ्यातला इंद्रधनुषी मिळाला. हॉटेलवाला मोहरीच्या तेलात नुसता मीठ-लिंबू लावून तळून देत होता. मी त्याच्या स्वयंपाकघरात घुसले आणि आम्हा सीकेपींच्या पद्धतीने केला. आलं-लसूण, हळद, तिखट, चिंचेचा कोळ, अर्धा तास मुरवून वरून तांदळाचं पीठ. हॉटेलवाल्याने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा घरी नेला. काटा फार नाही, मधला कणा सरळ निघतो. खवलंही इतकी बारीक की काढायची गरज पडत नाही.

मालवणी_गरी

नदीच्या माशाला चिंच? कोकम लावा ओ!

अन्नपूर्णा_रावपुरा

खंडेराव मार्केटला चांगलं आगळ मिळवून दाखवा, मग बोलू.

(पुढचे सतरा प्रतिसाद चिंच-कोकम वादाचे होते. ते पाककृती विभागात हलवले आहेत. संपादक)

अगाशीवाला (१४ सप्टेंबर)

रॉड आला. दोन आठवडे झाले. प्रगती सांगतो.

पहिले चार दिवस नुसती लाज. दोरी मानेभोवती, रॉडभोवती, एकदा चहावाल्याच्या सायकलभोवती. "काका, एंटेना लगावी रह्या छो?" असं एका पोराने विचारलं. फाट् आवाज तर इतके आले की चालणाऱ्या मंडळींनी वाट बदलली.

मग रविवारी बाबा सोबत आले. ७८ वर्षांचे, खांदा गेल्यामुळे गेली चार उत्तरायणं त्यांनी पतंग धरलेला नाही. बाकावर बसून अर्धा तास बघत होते. मग उठून जवळ आले आणि म्हणाले, "तू अजून खेंचच करतोस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पेच लागला की काटायच्या दोन तऱ्हा असतात. एक खेंच, म्हणजे झपाट्याने ओढून समोरच्याची दोरी कापायची. दुसरी ढील, म्हणजे दोरी सोडत राहायचं, समोरचा आपल्याच ओढीने कापला जातो. बाबा आयुष्यभर ढीलवाले. मी खेंचवाला. मला ढील कधी जमली नाही, मला धीरच निघत नाही.

बाबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि मागच्या फेकीनंतर ते उचलेपर्यंत मी थांबायचं असं ठरलं. तिसऱ्या फेकीला दोरी मागे सरळ झाली, रॉड वाकल्याचं हाताला कळलं, आणि दोरी पुढे अशी गेली की मी स्वतःच बघत राहिलो. गोंडा गवतावर पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. बाबा म्हणाले, "हं. आता पन्नास वेळा कर." आणि फाफडा आणायला गेले.

प्रवाहपतित

बाबांना नमस्कार सांगा! जे मी तीन परिच्छेदांत लिहिलं ते त्यांनी एका बोटात शिकवलं.

आणि ही ढील इथेच संपत नाही. पाण्यावर तर तीच जास्त लागते. समजा तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये जोराची धार आहे. दोरी त्या धारेवर पडते, धार दोरीला खाली ओढते, आणि माशी पाण्यापेक्षा वेगाने घसटत जाते. खरी माशी असं करत नाही. ट्राउट वळूनही बघत नाही. म्हणून दोरी पडल्यापडल्या रॉडच्या टोकाने तिचा पोटाचा भाग वरच्या बाजूला उलटवून टाकायचा, त्याला मेंड करणं म्हणतात. माशीला जितका वेळ मोकळी ढील, तितका वेळ ती खरी.

मासा लागल्यावरही तेच. टिपेट केसाएवढा. लागला म्हणून खेंच केलीत तर टप्. नुसता रॉड वर उचला.

अगाशीवाला

ढीलमध्येच सगळं आहे म्हणजे. बाबांना वाचून दाखवलं. "मी तुला १९९० पासून सांगतोय" असं उत्तर आलं.

माशा कुठल्या घेऊ? मेहुणा भलती नावं सांगतोय.

प्रवाहपतित

पाण्यावर तरंगणाऱ्या दोन-तीन (ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस), पण भर बुडणाऱ्या निम्फवर द्या, म्हणजे किड्यांच्या पाण्याखालच्या पिल्लांची नक्कल. ट्राउटचं बहुतेक जेवण पाण्याखालीच होतं. मेफ्लाय या किड्याचं पिल्लू महिनोन्‌महिने दगडाखाली राहतं, आणि पंख फुटले की एखाददोन दिवसांत मरतं. प्रौढाला खायला तोंडच धड नसतं. उपाशीपोटी लग्न आणि खेळ खलास. म्हणून फेझंट टेल निम्फ जरूर ठेवा. इंग्लंडात एव्हन नदीचा राखणदार असलेल्या फ्रँक सॉयरने ती बनवली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार, एवढंच. तारेमुळे बांधणीही होते आणि वजनही मिळतं.

मोराच्या पिसाचे तंतूही जगभर माशा बांधायला वापरतात. हिरवट चमक पाण्यात किड्यासारखी दिसते.

टवाळ_टोळ

बडोद्यात मोर फुकट नाचतात. अगाशीवाले, धंदा!

जलचर

गळून पडलेलं पीस उचललंत तर ठीक. बाहेर देशी पाठवायला मात्र बंदी आहे, आणि मोराच्या अंगाला हात लावाल तर तुमचीच पिसं काढतील.

पक्षी_सोडवा

इतके दिवस नुसती वाचत होते. दर उत्तरायणाला आम्ही काही जण जखमी पक्षी उचलायचं काम करतो. २०१७ मध्ये हरित लवादाने नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत पंख कापलेले ढोक आणि घारी येतातच. तुमचा तो टिपेटही नायलॉनसारखाच ना? तो तुटून झाडांत राहिला तर नदीवरच्या पक्ष्यांचं काय? धोबी, दयाळ, बुलबुल सगळे काठानेच फिरतात.

प्रवाहपतित

अगदी बरोबर. कापलेला प्रत्येक तुकडा खिशात, झाडात अडकलेला शक्यतो काढून आणायचा. मी जॅकेटला एक रिकामी फिल्मची डबी बांधते, सगळे तुकडे त्यात. @अगाशीवाला, सवय आत्तापासून लावा.

अगाशीवाला

लावली. गोंडा बांधताना कापलेला तुकडाही घरी आणतो. बायको विचारते, "केस कुणाचे?"

पायपीट

प्रवासाचं कुणी लिहिलंच नाही. बडोद्याहून पश्चिम एक्सप्रेसने अंबाला, तिथून चंडीगढ. मेहुण्याच्या गाडीने जाणार असाल तर मंडीच्या पुढे औटचा बोगदा लागतो, त्याच्या अलीकडेच वळायचं. बोगद्यात शिरलात तर कुलूला पोचाल. लारजीला तीर्थन, सैंज आणि ब्यास भेटतात, तिथून बंजार, मग गुशैनी. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, २०१४ पासून जागतिक वारसा. हद्दीच्या आत परवानगीशिवाय शिरू नका.

मासेमारीचा परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा, तो खिशात असल्याशिवाय पाण्यात पाय नको. किती मासे आणि केवढे ठेवता येतात ते परवाना घेतानाच विचारून घ्या. आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, अंडी घालायचा काळ. तुमचा ऑक्टोबर उत्तम. पावसाचा गढूळपणा उतरलेला असतो, पाणी काचेसारखं. तितकंच थंडही, पायाला पाच मिनिटांत मुंग्या येतात. तळव्याला नमदा लावलेले बूट मिळाले तर बघा, शेवाळलेल्या दगडावर साधा बूट म्हणजे साबणावर साबण.

फौजी_नाना

आणि हातात एक काठी. मानपान सोडा, काठी धरा.

सेवउसळ_शाकाहारी

जाऊन या आणि खरं खरं लिहा. मासा सोडताना काय वाटलं तेही लिहा.

अन्नपूर्णा_रावपुरा

पुलेशु आणि पुमाशु. (पुढील लेखनास आणि पुढील माशास शुभेच्छा.)

अगाशीवाला (१९ ऑक्टोबर)

परत आलो. उशीर झाला, सर्दीने पडलो होतो. पायपीट, तुमच्या मुंग्या खऱ्या निघाल्या.

पहिला दिवस फुकट. पोलो ग्राउंडवर मागे झाड नसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीर्थनला मागे झाडच असतं. चार माशा झाडावर. दोन काढल्या, दोन तिथेच राहिल्या, टिपेटसकट. पक्षीताई, माफ करा, फांदी पाण्यावर दहा फूट होती, मेहुण्याने चढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेस्ट हाऊसवाल्यांचा मुलगा सोबत आला, कॉलेजात आहे. त्याने रोल कास्ट नावाची फेक शिकवली, तिला मागे जागा लागतच नाही. शिकवून झाल्यावर नानांच्या राखणदारासारखंच केलं, रॉड काढून घेतला आणि दगडावर बसवलं. तासाभराने मला ती रेषा दिसली. खरंच दिसली, पाण्याला शिवण घातल्यासारखी. आणि तिच्या आतल्या बाजूला एक सावली हलत होती, पाण्याबरोबर न जाणारी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी निम्फ सोडली. मेंड जमला. दोरी क्षणभर अडखळली, आणि माझ्या हाताने तीस वर्षांची खेंच केली. टप्. मी उभाच राहिलो. दुपारी दुसऱ्या जागी पुन्हा तेच, टप्. मेहुणा काही बोलला नाही, त्याने नुसता नवा टिपेट बांधून दिला. तो जास्त लागला.

संध्याकाळी बाबांचा फोन. पहिला प्रश्न, "किती कापले?"

"दोन," म्हटलं. "दोन्ही माझेच."

बाबा इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

चौथ्या दिवशी, निघायच्या दोन तास आधी, लागला. रॉड नुसता उचलला. तो खाली धावला तर सोडत गेलो, थांबला की गोळा करत गेलो. डाव्या हाताच्या बोटावरून दोरी सरकत होती, जिथे उत्तरायणात मी चिकटपट्टी लावतो अगदी त्याच जागेवरून. वीतभराहून थोडा मोठा. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. फोटो नाही, मोबाईल गाडीत होता.

@सेवउसळ_शाकाहारी, विचारलंत म्हणून लिहितो. हात ओले केले, हूक काढला, तो माझ्या तळहातावर प्रवाहाकडे तोंड करून काही वेळ तसाच थांबला. त्याचे कल्ले उघडमिट होत होते. मला आनंद झाला होता आणि थोडं ओशाळल्यासारखंही. मग तो गेला. जलचरभाऊ, घुसखोर होता, ठाऊक आहे.

सेवउसळ_शाकाहारी

मत तेच आहे. पण खरं लिहिलंत, आभार.

प्रवाहपतित

चार दिवसांत एक म्हणजे माझ्यापेक्षा बरं. मला अकरा दिवस लागले होते.

पक्षी_सोडवा

दोन तुकडे झाडावर राहिले ते राहिले. या उत्तरायणाला दोन सकाळी आमच्यासोबत काढा, फिटंफाट.

अगाशीवाला

मंजूर. १५ आणि १६ जानेवारी. बाबाही येतो म्हणतायत, बसून काम असेल तर.

टवाळ_टोळ

ते सगळं राहू दे. खरं सांगा, मासा लागल्यावर पतंग कापल्यावर ओरडतो तसं नदीत 'काईपो छे' ओरडलात की नाही?

अगाशीवाला

ओरडलो. ओरडण्याने मासा पळत नाही, हे नानांनी लिहिलंच होतं. पण मी उडीही मारली. मेहुण्याचा पळाला.